हॉकीच्या व्हिडिओ गेममध्ये सोबतचे खेळाडू भलतीकडेच का उभे असतात? स्ट्रॅटेजी सेटिंगचा अर्थ समजून घ्या

शेवटचा एक मिनिट राहिलाय. स्कोअर २-२. तुम्ही समोरच्या टीमच्या भागात शिरता, दोघांना चुकवता आणि पास द्यायला बघता, तर गोलसमोर आपला एकही माणूस नाही. तेवढ्यात पक हिसकावला जातो. मागे बघावं तर आपले दोन्ही डिफेन्समनही पुढे आलेले. समोरचे दोघं एकट्या गोलकीपरवर चाल करून जातात आणि गोल होतो.

अशा वेळी "हा कॉम्प्युटर बिनडोक आहे" असं म्हणून कंट्रोलर आपटणं सोपं असतं. पण बऱ्याचदा ते खेळाडू दिलेला हुकूमच पाळत असतात. हा हुकूम गेमच्या मेन्यूत स्ट्रॅटेजी या नावाखाली आधीपासून ठरलेला असतो. फक्त तो कधी कुणी उघडून बघितलेला नसतो.

कॉम्प्युटर आपल्या टीममधल्या खेळाडूंना कुठे उभं करतो, ते कशावरून ठरवतो आणि त्यात आपण काय बदलू शकतो? एकेक करून बघूया.

ही हॉकी कोणती?

आपल्याकडे हॉकी म्हटलं की ॲस्ट्रोटर्फवरची, अकरा जणांची हॉकी डोळ्यासमोर येते. पण कन्सोलवर सर्वाधिक खेळली जाणारी हॉकी म्हणजे आइस हॉकी. अमेरिका आणि कॅनडातल्या नॅशनल हॉकी लीगवर, म्हणजे एनएचएलवर, आधारलेली ईए स्पोर्ट्सची गेम मालिका १९९१ पासून सुरू आहे. पीसीवर तिची शेवटची आवृत्ती 'एनएचएल ०९' होती. त्यानंतर ही मालिका कन्सोलवरच राहिली.

आइस हॉकीत चेंडूऐवजी रबराची चपटी काळी चकती असते. तिला पक म्हणतात. एका टीमचे गोलकीपर धरून सहा जण बर्फावर असतात. तीन फॉरवर्ड, म्हणजे सेंटर, लेफ्ट विंग आणि राइट विंग, आणि त्यांच्या मागे दोन डिफेन्समन.

एनएचएलचं बर्फाचं मैदान २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असतं. दोन निळ्या रेषा त्याचे तीन भाग करतात. दोन्ही टोकांना ७५-७५ फुटांचे झोन आणि मध्ये ५० फुटांचा न्यूट्रल झोन. गोलच्या मागेही ११ फूट जागा असते आणि तिथेही खेळ सुरूच राहतो. मैदान लहान, वेग प्रचंड. त्यामुळे एखादा खेळाडू दहा फूट चुकीच्या जागी असला तरी त्याचा फटका लगेच बसतो.

एक खेळाडू तुमच्या हातात, बाकीचे कुणाच्या?

साध्या मॅचमध्ये एका वेळी एकच खेळाडू तुमच्या ताब्यात असतो. बटण दाबून तुम्ही दुसऱ्या खेळाडूवर जाऊ शकता, पण तेव्हा आधीचा खेळाडू कॉम्प्युटरकडे जातो. म्हणजे गोलकीपर धरून पाच जण सतत कॉम्प्युटरच चालवत असतो.

क्रिकेटच्या कॅप्टनचं उदाहरण घ्या. बॉल टाकताना एकच जण खेळात असतो, पण बाकीचे फिल्डर कुठे उभे आहेत यावर विकेट पडणार की चौकार जाणार हे ठरतं. स्लिप लावल्या तर कॅच मिळू शकतो, पण तेवढी माणसं बाउंड्रीवरून कमी होतात. हॉकी गेममधली स्ट्रॅटेजी सेटिंग म्हणजे अशीच फिल्डिंग लावणं. फरक एवढाच, की इथे सगळे सतत पळत असतात. त्यामुळे 'कुठे उभा राहा' यापेक्षा 'पक अमुक जागी असेल तर तू तमुक जागी जा' अशा स्वरूपाची ती आज्ञा असते.

कॉम्प्युटरचा खेळाडू जागा कशी ठरवतो?

खेळताना नीट बघितलं तर या पाच गोष्टींचा परिणाम स्पष्ट दिसतो.

१. पक कुणाकडे आहे? आपल्याकडे असेल तर पाचही जण आक्रमणाच्या रचनेत जातात. समोरच्यांकडे गेला की बचावाच्या. कुणाकडेच नसेल तर सहसा जवळचा खेळाडू पककडे धावतो आणि बाकीचे त्याच्या मागची जागा भरतात.

२. पक कुठे आहे? तीन झोनसाठी वेगवेगळ्या रचना असतात. म्हणून सेटिंगही झोननुसार वेगळी दिलेली असते.

३. खेळाडूची भूमिका काय? सेंटर मधल्या भागात खाली येऊन बचावाला हातभार लावतो, विंग कडेने राहतात, डिफेन्समन सर्वात मागे.

४. खेळाडू किती हुशार? ईएच्या गेममध्ये प्रत्येक खेळाडूला ऑफेन्सिव्ह अवेअरनेस आणि डिफेन्सिव्ह अवेअरनेस असे गुण दिलेले असतात. हे गुण जास्त असलेला खेळाडू वेळेवर योग्य जागी पोहोचतो. टीम निवडताना बहुतेक जण वेग आणि शॉटची ताकद बघतात आणि हे दोन आकडे विसरतात.

५. तुमची स्ट्रॅटेजी काय सांगते? वरच्या चार गोष्टींनंतरही निवडीला जी जागा उरते, ती हे सेटिंग भरून काढतं.

सहकारी निळ्या रेषेवर थांबतात ते का?

"मी पुढे चाललोय आणि हे रेषेवरच खोळंबलेत" ही तक्रार नेहमीची. याचं कारण स्ट्रॅटेजीपेक्षा जास्त ऑफसाइडच्या नियमात आहे.

आइस हॉकीत पक निळी रेषा ओलांडून समोरच्या झोनमध्ये जाण्याआधी आक्रमण करणारा कुणीही आत गेलेला चालत नाही. त्यामुळे पक तुमच्याकडे असताना तुम्ही रेषेजवळ रेंगाळलात, मागे वळलात किंवा तिरके फिरलात, तर सहकाऱ्यांना वेग मारून रेषेवर थांबावंच लागतं. तुम्ही आत शिरता तेव्हा ते जागेवरून निघतात, म्हणून मागे पडतात.

याच्यावर कुठलंही सेटिंग चालत नाही. सरळ वेगात रेषा ओलांडली की सहकारीही वेगात सोबत येतात.

१-२-२, २-१-२, १-३-१: या आकड्यांचा अर्थ काय?

हे आकडे पुढून मागे वाचायचे. पक समोरच्यांकडे असताना आपले पाच जण कसे पसरतील ते त्यातून कळतं.

१-२-२: एक फॉरवर्ड पक असलेल्या खेळाडूवर जातो, दोन फॉरवर्ड त्याच्या मागे आणि दोन डिफेन्समन शेवटी. यातला धोका कमी, म्हणून नवख्यांसाठी ही रचना बरी.

२-१-२: दोन फॉरवर्ड समोरच्यांच्या झोनमध्ये खोलवर घुसून दबाव टाकतात. या दबावाला फोरचेक म्हणतात. समोरच्याची चूक झाली तर गोलजवळच पक मिळतो. चूक झाली नाही तर आपले दोन जण खेळाच्या मागे अडकतात आणि समोरचे तिघं विरुद्ध आपले दोघं अशी वेळ येते.

१-३-१: एक जण पुढे, तिघं मैदानाच्या रुंदीभर भिंतीसारखे आणि एक मागे. न्यूट्रल झोन बंद करण्यासाठी.

१-४: एक पुढे, चौघं मागे एका ओळीत. पूर्ण बचाव.

या रचना गेम बनवणाऱ्यांच्या डोक्यातून निघालेल्या नाहीत, खऱ्या हॉकीतून आल्या आहेत. न्यू जर्सी डेव्हिल्सने कोच जॅक लेमेअर यांच्या हाताखाली १९९५ साली स्टॅनली कप जिंकला तो मधल्या झोनमध्ये जाळं लावून. या पद्धतीला न्यूट्रल झोन ट्रॅप म्हणतात. त्याच दशकात डेट्रॉइट रेड विंग्जने लेफ्ट विंगला मागे खेचून दोन डिफेन्समनच्या ओळीत उभं करण्याची पद्धत गाजवली. तिचं नाव लेफ्ट विंग लॉक.

१-३-१ चा किस्सा तर आजही सांगितला जातो. ९ नोव्हेंबर २०११ रोजी टॅम्पा बे लाइटनिंगने ही भिंत उभी केली. समोर होती फिलाडेल्फिया फ्लायर्स. फ्लायर्सच्या खेळाडूंनी भिंतीत शिरायचंच नाकारलं. पक घेऊन ते आपल्या झोनमध्ये नुसते उभे राहिले. लाइटनिंगचा पुढचा खेळाडूही जागचा हलला नाही. शेवटी रेफरीला शिटी वाजवून खेळ थांबवावा लागला.

गेममध्ये १-३-१ लावल्यावर आपले खेळाडू पुढे जाऊन पक का हिसकावत नाहीत, याचं उत्तर या प्रसंगात आहे. ती रचनाच वाट बघण्यासाठी आहे. ज्याला धावून पक काढून घ्यायचा आहे त्याने ती निवडली तर चिडचिडच होणार.

आपल्या झोनमधला बचाव

पक आपल्या गोलजवळ आला की तिथलं सेटिंग वेगळं असतं. ईएच्या अनेक आवृत्त्यांमध्ये तीन पर्याय दिसतात.

कोलॅप्सिंग: सगळे गोलसमोर गोळा होतात. जवळून होणारे शॉट अडतात. पण निळ्या रेषेजवळ उभे असलेले समोरचे डिफेन्समन मोकळे राहतात. त्या जागेला पॉइंट म्हणतात.

टाइट पॉइंट: आपले विंग थेट पॉइंटवर जाऊन चिकटतात. लांबचे शॉट थांबतात, पण गोलसमोर जागा उघडी पडते.

स्टॅगर्ड: या दोन्हींच्या मधला मार्ग.

"समोरच्याला तिथे एवढं मोकळं का सोडलंय?" असं वाटलं तर आधी हे सेटिंग तपासावं. कोलॅप्सिंग लावून पॉइंटवरून गोल खाल्ला, तर ती त्या पर्यायाची ठरलेली किंमत आहे. समोरची टीम कुठून गोल करतेय ते बघून पर्याय बदलता येतो.

आक्रमणात कोण कुठे जाणार?

गोलसमोर आपला माणूस नसतो, या सुरुवातीच्या तक्रारीचं उत्तर आक्रमणाच्या सेटिंगमध्ये आहे.

क्रॅश द नेट निवडलं तर सहकारी गोलकीपरसमोर घुसतात. शॉट अडून परत आलेला पक त्यांना ढकलता येतो. पण पक हातचा गेला तर हेच लोक परतायला सर्वात उशीर करतात.

ओव्हरलोडमध्ये एका बाजूला जास्त माणसं जमतात. जवळजवळचे छोटे पास मिळतात, दुसरी बाजू मात्र रिकामी राहते.

बिहाइंड द नेटमध्ये गोलच्या मागच्या जागेतून चाली रचल्या जातात. वेन ग्रेट्झ्की या जागेतून इतका खेळायचा, की तिला त्याचं 'ऑफिस' म्हटलं जायचं.

यातलं कुठलं चांगलं हे तुम्ही गोल कसे करता त्यावर ठरतं. वन-टायमर, म्हणजे आलेला पास न थांबवता थेट मारलेला शॉट, १९९३ साली आलेल्या 'एनएचएल ९४' या गेमपासून या मालिकेतलं लाडकं हत्यार आहे. पण त्यासाठी पास घेणारा योग्य कोनात हवा, आणि तो कॉम्प्युटरच्याच ताब्यात असतो. पास-पास खेळणाऱ्याने क्रॅश द नेट लावलं तर त्याचे सगळे सहकारी गोलकीपरच्या अंगावर असतील आणि पास द्यायला कुणीच सापडणार नाही.

पॉवर प्ले आणि पेनल्टी किल

समोरच्याने फाउल केला की त्याचा एक खेळाडू सहसा दोन मिनिटांसाठी बाहेर जातो. मग आपले पाच आणि त्यांचे चार. याला पॉवर प्ले म्हणतात. चौघांनी केलेला बचाव म्हणजे पेनल्टी किल. गेममध्ये दोन्हींसाठी स्वतंत्र सेटिंग असतं.

पॉवर प्लेच्या अंब्रेला रचनेत एक जण वर मधोमध, दोघं कडेला आणि दोघं गोलजवळ. नावाप्रमाणे छत्रीचा आकार. १-३-१ मध्ये एक वर, तिघं आडवे आणि एक गोलसमोर. यात कडेच्या खेळाडूला वन-टायमर मारायला जागा मिळते.

वॉशिंग्टन कॅपिटल्सचा ॲलेक्स ओव्हेचकिन वर्षानुवर्षं डाव्या वर्तुळाजवळच्या याच जागेवरून मारत आला. ६ एप्रिल २०२५ रोजी त्याने ८९५वा गोल करून ग्रेट्झ्कीचा ८९४ गोलचा विक्रम मोडला, तोही पॉवर प्लेमध्ये आणि डाव्या वर्तुळातूनच. गेममध्ये ही रचना लावताना कडेच्या जागेवर जोरदार शॉट असलेला खेळाडू आहे का, आणि त्याच्या स्टिकची बाजू थेट शॉटला सोयीची आहे का, हे लाइन-अपमध्ये बघावं लागतं. रचना बरोबर आणि माणूस चुकीचा, तरी काम होत नाही.

पेनल्टी किलमध्ये बॉक्स म्हणजे चौघांचा चौकोन. डायमंडमध्ये एक वर, दोन कडेला, एक खाली. समोर अंब्रेला असेल तर वरच्या खेळाडूला अडवायला डायमंड सोयीचा पडतो. समोरचे गोलजवळ गर्दी करत असतील तर लहान बॉक्स.

आक्रमकता वाढवली की काय होतं?

रचनेशिवाय किती जोर लावायचा हेही ठरवता येतं. हा जोर वाढवला की डिफेन्समनसुद्धा आक्रमणात सामील होतात. गोल करायची संधी वाढते, पाठ उघडी पडते. लेखाच्या सुरुवातीचा प्रसंग बहुतेक वेळा इथेच घडतो. आधी पिछाडीवर असताना जोर वाढवलेला असतो. बरोबरी होते आणि तो कमी करायचा राहून जातो.

दुसरी किंमत दमछाकीची. खऱ्या हॉकीत एक खेळाडू सलग साधारण पाऊण मिनिट खेळून बदलला जातो. सतत २-१-२ आणि पूर्ण जोर लावला तर गेममधले फॉरवर्डही लवकर दमतात. दमलेला खेळाडू जागेवर उशिरा पोहोचतो. ते बघून पुन्हा वाटतं, "हा का आला नाही?"

मग सेटिंग करायचं कसं?

खेळ थांबवून मेन्यूत गेलं की स्ट्रॅटेजी किंवा कोचिंगचा भाग सापडतो. काही पर्याय मॅच सुरू असतानाच कंट्रोलरच्या डी-पॅडवरून बदलता येतात. पर्यायांची नावं दरवर्षीच्या आवृत्तीत थोडी बदलतात, पण तत्त्व तेच राहतं. काही साधे नियम उपयोगी पडतात.

• सुरुवात १-२-२ आणि मध्यम जोराने करा.

• एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन-तीन मॅच खेळा. सगळं एकदम बदललं तर फरक कशाने पडला ते कळत नाही.

• आघाडी असेल तर जोर कमी करा. पिछाडी असेल तर वाढवा, पण बरोबरी झाल्याझाल्या परत खाली आणा.

• दुसऱ्याचं सेटिंग जसंच्या तसं उचलू नका. ते त्याच्या खेळण्याच्या सवयींसाठी असतं.

• गोल खाल्ला की रिप्ले बघा, आणि पकपेक्षा इतर खेळाडूंकडे लक्ष द्या.

सेटिंग बदलूनही न सुटणारी गोष्ट

कॉम्प्युटरला तुमच्या मनातलं कळत नाही. तुम्ही शॉट मारणार की पास देणार, हे त्याला तुमच्या हालचालीनंतरच समजतं. म्हणून सहकारी कधीकधी अर्धा क्षण उशिरा हलतात. तेवढं गृहीत धरूनच खेळावं लागतं.

पण सर्वात मोठी गडबड अनेकदा माणूसच करतो. पक समोरच्यांकडे गेला की हातातल्या डिफेन्समनला घेऊन तो पकच्या मागे धावत सुटतो. पाच जणांच्या रचनेतली एक जागा रिकामी होते. ती भरायला कॉम्प्युटरचा दुसरा खेळाडू सरकतो, मग त्याची जागा रिकामी. समोरची टीम नेमकी तिथून गोल करते, आणि रिप्लेमध्ये 'चुकीच्या जागी' दिसतो तो बिचारा सरकलेला खेळाडू.

२००८ साली 'एनएचएल ०९' मध्ये 'बी अ प्रो' हा प्रकार आला. त्यात पूर्ण मॅच एकाच खेळाडूला घेऊन खेळायचं असतं आणि तुम्ही जागा नीट सांभाळली की नाही यावर गेमच तुम्हाला ग्रेड देतो. सहकाऱ्यांवर चिडणाऱ्याने हा प्रकार एकदा खेळून बघावा. पोझिशनिंगचा पहिला ग्रेड बघितला की आपल्या चुका लक्षात यायला लागतात.

त्यामुळे बचाव करताना एक सवय लावून घेता येते. डिफेन्समनऐवजी फॉरवर्ड, शक्यतो सेंटर, हातात ठेवायचा. त्याला घेऊन दबाव टाकायचा आणि मागचे दोन डिफेन्समन कॉम्प्युटरवर सोडायचे. ते रचना मोडत नाहीत. एवढं करूनही गोल खाल्ला, तर रिप्लेमध्ये आधी एक बघायचं: त्या क्षणी तुमच्या हातात कोण होता, आणि तो त्याच्या जागेवर होता का?